नव्या सुनेचं नाक

मी कमी बोलते, हे तुम्हा सगळ्याजणींना ठाऊक आहे. लग्नात नाव घ्यायला लावलं तेव्हा माझे ओठ हलले आणि आवाज आलाच नाही, याच्या नकला तुम्ही अजून करता. पण याच मुखदुर्बळ बाईनं अकोल्याची एक अख्खी गल्ली, तोंडातून एक शब्द न काढता, ऐन थंडीत घराबाहेर काढली. पोराबाळांसकट, शेळ्यांसकट, जात्यासकट! हे मात्र कोणी तुम्हाला सांगितलं नसेल. कारण सांगणारी मीच, आणि मी कमी बोलते.

घ्या, चहा घ्या. हसायचं तर खुशाल हसा. मला सांगताना फारसं हसू येत नाही, एवढंच.

सुरुवात नाकापासूनच करायला हवी.

माझं माहेर तुम्ही पाहिलंय. अमरावतीच्या बाहेर, भातकुलीच्या रस्त्याला, आमचा फुलांचा मळा. गिऱ्हाईक आलं की निंबाखालच्या बाजेवर बसायचं, डोळे मिटायचं आणि म्हणायचं, "अहाहा! काय हा सुवास!" आम्ही भावंडं एकमेकांच्या तोंडाकडे बघायचो. कसला सुवास? खरं सांगते, मोगऱ्याचा वास मला कधी आलाच नाही. ओंजळी ओंजळी मोगरा ओवला, केसात माळला, पण वास म्हणाल तर शून्य. आई हसायची. म्हणायची, "वास येते ते गिऱ्हाईक. नाई येत ते घरचं."

आम्हाला यायचा तो खताच्या खड्ड्याचा वास. शेण, निंबोळीची पेंड आणि न खपलेली शिळी फुलं, असं सगळं त्या खड्ड्यात महिनोन्‌महिने कुजत पडायचं. तो रोज उघडत नाहीत. पण ज्या दिवशी उघडायचा त्या दिवशी घरात सण! सगळे मळ्यात, सगळ्यांच्या हातात टोपल्या, जेवणही तिथेच बांधावर. संध्याकाळी आई माझी वेणी घालायला बसायची. हात राखेनं घासून घासून धुतलेले, तरी बोटांना तो वास राहायचाच. माझ्या डोक्यात 'आई' या शब्दाला तो वास आहे. तुम्ही नाक मुरडा, मी काय करू?

तर अशी मी लग्न होऊन अकोल्याला गेले. घर कुठे? कापसाच्या जिनाच्या बरोबर मागे. हिवाळा, म्हणजे जिन दिवसभर धडधडतंय, आणि वारा आमच्याच दारात. सरकीचा वास! उशीला सरकी, पांघरुणाला सरकी, भाकरीला सरकी. देवाच्या पाटालासुद्धा तोच तेलकट, कोंदट वास. नव्या सुनेसाठी पुरणपोळी केली होती. पहिला घास घेतला आणि उमासाच आला. ताट तसंच ठेवून परसात धावले.

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, मागून पाहत होत्या. "अवो माय," त्या मामाजींना, माझ्या सासऱ्यांना, म्हणाल्या, "इतक्यातच?"

हळद उतरली नव्हती हो अंगाची! मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पण बोलायचं काय? नवी सून काय सांगणार, की तुमच्या घराला वास येतो?

शेवटी हिंमत करून यांना विचारलं. हे शाळेत विज्ञान शिकवतात, गल्लीत सगळे 'मास्तर' म्हणतात.

"तुम्हाला वास येत नाही का?"

"कसला?"

"सरकीचा."

त्यांनी मान वर करून चारही दिशांना हुंगलं. "नाही बुवा." आणि लगेच डोळे चमकले. पाण्यात पडलेल्या बदकासारखा माणूस खूष! "अगं, हीच तर नाकाची गंमत आहे. समज, वास म्हणजे दार वाजवणारा माणूस. पहिल्यांदा आला, नाकानं दार उघडलं, निरोप मेंदूला पोचवला. तोच माणूस तोच निरोप घेऊन दिवसभर दार वाजवत राहिला, तर?"

"तर?"

"तर नाक दारच उघडत नाही. थकतं ते. मात्र नवा कोणी आला की पुन्हा टवटवीत."

"आणि चांगला वास, वाईट वास?"

"ते तर निम्मं आपल्या डोक्यातच असतं. ज्या वासाबरोबर सुख आलं तो सुवास, ज्याच्याबरोबर दुखणं आलं ती दुर्गंधी. तू घाबरू नकोस. थोडे दिवस जाऊ दे, तुलाही हा वास येणार नाही."

माणसानं धीर द्यायला म्हणून सांगितलं. मी मात्र धास्तावले. नाक इथलं झालं, तर तिथलं काय राहणार?

आता तुम्हाला एक गुपित सांगायला हवं. निघताना आईनं शेवंतीचं एक रोप दिलं होतं. मुळांभोवती खड्ड्यातलं खत, आणि त्यावर तिच्या जुन्या लुगड्याचा तुकडा घट्ट बांधलेला. अकोल्याच्या त्या फरसबंद परसात रोप लावायला जागा नव्हती. ते बिचारं आठवडाभरात माना टाकून मेलं. मी काडी फेकली आणि पुरचुंडी ठेवली. एका पत्र्याच्या डबीत, माझ्या ट्रंकेच्या तळाशी.

दुपारी आत्याबाईंचा डोळा लागला की मी डबी उघडायची, एकदाच हुंगायची, झाकण बंद. एकदाच! दुसऱ्यांदा नाही. यांनीच शिकवलं होतं ना, पुन्हा पुन्हा हुंगलं तर नाक थकतं? मी आईला पुरवून पुरवून हुंगत होते.

पण खत वाळलं हो. वास विरत चालला. एक दिवस डबी उघडली तर नुसती माती. मी घाबरले. मळ्यात खत ओलं झालं की घमघमतं, हे आठवलं. म्हटलं, शिंपडू थोडं पाणी. शिंपडलं. थोडा वास आला. म्हटलं, अजून थोडं. आणि ऊब मिळाली तर? म्हणून डबी ट्रंकेतून काढून चुलीमागच्या कोनाड्यात, मिठाच्या रांजणाआड ठेवली.

माळ्याची पोर मी! ओली पेंड उबेला बंद करून ठेवली तर काय होतं, हे मला ठाऊक नसावं? होतं ठाऊक. पण ज्याची आठवण येते ना, त्याच्या बाबतीत माणसाचं डोकं चालत नाही.

दोन-चार दिवसांनी शेजारच्या ठकूकाकी विस्तव मागायला आल्या. चुलीपाशी वाकल्या, आणि वाकलेल्याच राहिल्या.

"काहून वो," त्या म्हणाल्या, "तुमच्या घरात काही मेलं का?"

"मेलं?" आत्याबाईंच्या हातातली पळी थांबली.

"वास येऊन राहिला. उंदराचा."

ते दिवस तुम्हाला वेगळे सांगायला नकोत. प्लेगाचं नाव काढलं तरी बायका पदर कानावर घ्यायच्या. घरात उंदीर मेला म्हणजे घर सोडायचं, गावाबाहेर माळावर झोपडी घालायची, दुसरा विचार नाही. आत्याबाईंचा चेहरा राखेसारखा झाला. त्या उठल्या आणि पेट्या ओढायला लागल्या.

आता मी पुढे होऊन म्हणायला हवं होतं ना, "आत्याबाई, उंदीर नाही, माझी डबी आहे"? पण विचार करा. नवी सून, लपवलेली डबी, त्यात सडकी माती, आणि ती माती बायकी लुगड्याच्या चिंधीत बांधलेली! याला गल्लीत काय म्हणतात? करणी म्हणतात. ठकूकाकी तर दारातच उभ्या. मी बोलले असते तर प्लेगापेक्षा वाईट बातमी झाली असती.

त्या दोघी पुढच्या खोलीत पेट्या हलवत होत्या तेवढ्यात मी डबी उचलली, परसातून मागच्या उकिरड्यावर भिरकावली, हात राखेनं घासले आणि परत येऊन गुपचूप भाकरीचं पीठ मळायला बसले. सुटले! म्हटलं, आता वासच नाही, तर उंदीर कुठला?

इथेच चुकलं. वास गेला होता, पण उंदीर आला होता.

पाचच्या सुमाराला हे शाळेतून आले. दारातच आत्याबाईंनी सांगितलं. यांनी छडी कोपऱ्यात ठेवली, डोळे मिटले, लांब श्वास घेतला.

"येतोय," हे म्हणाले. "अगदी स्पष्ट."

मी पिठातून वर पाहिलं. अहो, इतके दिवस डबी चुलीमागे होती, रोज तिथेच पाट टाकून जेवत होता, तेव्हा तुमचं नाक कुठे गेलं होतं? पण बोलले नाही.

"आमच्या घरी भी येऊन राहिला!" ठकूकाकी पलीकडून ओरडल्या. "कोठीच्या मागून!"

मग काय! आधी समोरचे आले. त्यांनी अंगणात उभं राहून हुंगलं, एकमेकांकडे बघितलं आणि धावत आपापल्या घरात गेले. बाहेर आले ते नाकाला धोतराचं टोक लावूनच. एकीला वास देवघरातून आला. एकाला गोठ्यातून. एक म्हातारबुवा, ज्यांना कित्येक वर्षं कसलाच वास येत नव्हता, तेही म्हणाले, "मलेही येते बाप्पा!" आणि त्यांना वास आला याचाच आनंद इतका झाला, की प्लेगाचं भय क्षणभर विसरले.

मामाजींचा मात्र कोणावर विश्वास नव्हता. "नाक नाक काय करता?" ते कडाडले. "उंदीर दाखवा मले! एक शेपटी तरी दाखवा!"

"अजी, शेपटी दिसेपावतो थांबाचं का?" ठकूकाकी म्हणाल्या.

"सरकीचा वास असन तो! जिन चालू आहे, दिसत नाई का?"

आणि त्या शब्दावर आत्याबाई बोलल्या. आवाज चढवला नाही, तरी सगळ्या गल्लीला ऐकू गेलं.

"मागच्या खेपेले मीच असं म्हनलं होतं. सरकीचा असन म्हनून."

यांच्या वरचा एक भाऊ लहानपणीच गेला, एवढंच मला लग्नात कळलं होतं. कसा गेला, ते कोणी सांगितलं नव्हतं.

"आलं-गेलं मानूस सांगून राहिलं होतं, बाई, वास येते, घर सोड. मले येतच नव्हता. मायं नाक या जिनानं मारून टाकलं होतं. थोरला गेल्यावर उंदीर सापडला. याच भितीत." त्यांनी मागे वळून पाहिलं आणि सरळ माझ्याकडे आल्या. माझ्यासमोर खाली बसल्या. सासू सुनेसमोर अशी बसत नाही हो.

"पोरी, आमचे समद्यायचे नाकं मेले. तुयं नाक नवं आहे. तू सांग. येते का वास?"

आता ऐका. मी खोटं बोलणार नव्हते. देवाशपथ! मी ठरवलं होतं की मान हलवायची, नाही म्हणायचं, आणि प्रकरण तिथेच संपवायचं. पण सगळी गल्ली माझ्याकडे बघतेय, म्हणून सवयीनं पदर तोंडाला लावला. हातासकट.

आणि आला! इतका आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. राखेनं कितीही घासलं तरी तो वास बोटांवरून जात नाही, आईच्याही कधी गेला नाही. समोर बसलेल्या त्या बाईनं पुन्हा विचारलं, "येते?" आणि मी मान हलवली.

हो म्हणून.

झालं! अंधार पडायच्या आत गल्लीत बैलगाड्या लागल्या. जिनाच्या पल्याडच्या माळावर तुराट्यांच्या झोपड्या उभ्या राहिल्या. ठकूकाकींनी जातं नेलं, कारण परक्या जात्याचं पीठ त्यांना चालत नाही. म्हातारबुवांना बाजेसकट उचलून नेलं, ते वाटेतही हुंगत होते. आणि थंडी काय थंडी! तुराटीच्या भिंतीतून वारा असा यायचा की पाठीला पांघरूण आहे की नाही ते हातानं चाचपून बघावं लागायचं. पोरं खोकायला लागली. प्रत्येक खोकल्याबरोबर माझा जीव अर्धा व्हायचा. प्लेग मी आणला नव्हता, पण न्युमोनिया आणून ठेवला असता!

शेवटी एका सकाळी, पाणी भरायला म्हणून यांच्यामागे विहिरीपर्यंत गेले आणि सगळं सांगितलं. डबी, पेंड, पाणी, चूल, उकिरडा. जन्मात मी एका दमात इतकं बोलले नव्हते.

यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग हसले.

"अगं, असं कसं होईल? मला वास आला तेव्हा डबी घरात नव्हती, असं तूच म्हणतेस."

"तेच तर म्हणते! वास नव्हताच."

"नव्हताच कसा? मला आला ना!" हे जरा दुखावल्यासारखे झाले. "हे बघ, पेंडीचा वास वेगळा, उंदराचा वेगळा. बाकीच्यांचं नाक फसेल. मी या विषयाचा अभ्यास केलाय."

आता या माणसाला काय सांगणार? ज्यानं मला सांगितलं की वास निम्मा डोक्यात असतो, त्याच्या डोक्यात तो उंदीर पुरा शेपटीसकट बसला होता.

"आणि आईकडे हे बोलू नकोस," जाता जाता ते म्हणाले. मागे वळून पाहिलं नाही. "ती आता झोपते."

ते खरं होतं. आत्याबाई घरात असताना रात्र रात्र उठून भिंतींना कान लावायच्या, हे मला माहीत होतं. त्या फाटक्या, गारठलेल्या झोपडीत मात्र बाई पडल्या पडल्या घोरायच्या. या खेपेला त्या वेळेवर निघाल्या होत्या ना! मग मी काय बोलणार? गिळलं.

गल्लीत कोणी दगावलं नाही. पोरांचे खोकलेही गेले. आणि कोणी दगावलं नाही याचं श्रेय कोणाला? माझ्या नाकाला! "सुनेनं वाचवलं," आत्याबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या. परत यायची वेळ झाली तेव्हा घरं चुन्यानं रंगवली, कौलं काढून आत उन्हं घातली, तरी कोणी उंबरठा ओलांडेना. आधी मास्तरांची बायको हुंगणार, मग आम्ही आत जाणार! गेले बापडी. घराघरांत, कोपऱ्याकोपऱ्यात, पदर सावरून हुंगत फिरले. मागून अख्खी गल्ली श्वास रोखून. "चालेल," मी म्हणायची. तेवढा एकच शब्द. त्यावर बायका ओवाळायच्या बाकी होत्या.

पुढे तर दूध नासलं का, तूप भेसळीचं का, विहिरीचं पाणी बरं का, सगळं माझ्या नाकाखालून जायला लागलं. ठकूकाकींनी एकदा यजमानांचा सदरा आणला. का आणला ते विचारू नका.

या सगळ्यात एक गोष्ट माझ्या लक्षातच आली नाही. आमच्या घरात शिरले, आतल्या खोलीपर्यंत हुंगून आले, "चालेल" म्हणाले. जिन धडधडत होतं. आणि मला सरकीचा वास आला नव्हता.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आत्याबाईंनी स्वतः मला माहेरी पाठवलं. "जाय पोरी, मायले भेट. लय केलं तू आमच्यासाठी." रेल्वेत खिडकीशीच बसले. हिवाळाभर जो वास मी डबीत कोंडून पुरवला होता, तो आता पोटभर घेणार होते. टांग्यातून उतरले, मळ्याच्या फाटकापासून पळतच निघाले.

आई निंबाखाली गजरे ओवत होती. मी धापा टाकत उभी राहिले, आणि तोंडातून आपोआप निघालं:

"अहाहा! काय गं हा मोगऱ्याचा सुवास!"

आईची सुई थांबली. बाबांनी वाफ्यातून वर पाहिलं, गिऱ्हाईक आलं की पाहतात तसं.

मला अजून कळलं नव्हतं. मी पदर नाकाला लावला आणि गल्लीभर हुंगायची सवय लागलेल्या नाकानं इकडे-तिकडे हुंगलं.

"पण आई, उंदीर मेला का गं कुठे? केवढा घाण वास येतोय!"

आई माझ्याकडे बघत राहिली. तिच्या बोटांना काळी माती होती. खड्डा त्याच सकाळी उघडला होता, मी येणार म्हणून.

मग ती उठली, हात मागे धरले आणि बाजेवरची फुलं बाजूला सारली.

"बसा बाई," ती म्हणाली. "पानी आनू का तुमाले?"

आणि अकोल्याचं ते नावाजलेलं नाक गिऱ्हाइकांच्या बाजेवर जाऊन बसलं.